पाठ केलेलं ऐन वेळी उलटं निघतं: जवळच्या अर्थाचे इंग्रजी शब्द वेगळे कसे ओळखायचे

"सर, रात्री पक्कं पाठ केलं होतं. पेपरात दोन्ही शब्द समोर आले अन् नेमका उलटाच गोल काळा करून आलो."

अंबाजोगाईत संध्याकाळी मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. केज, धारूर, परळी, रेणापूरकडची लेकरं. बहुतेकांची शाळा जिल्हा परिषदेची, मराठी माध्यमाची. घरी कोरडवाहू शेती, काहींचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे. वरचं वाक्य मी जवळपास दर आठवड्याला ऐकतो, फक्त शब्दांची जोडी बदलते. कधी 'बॉरो' आणि 'लेंड', कधी 'बाय' आणि 'अंटिल', कधी 'सी', 'लुक' आणि 'वॉच'. मुलं मेहनती आहेत, पहाटे पाचला अभ्यासिकेत जागा धरून बसतात. तरी तीच चूक चौथ्यांदा झाली की त्यांना वाटतं, आपलं डोकंच इंग्रजीचं नाही. हे ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण ते खरं नाही. गाठ त्यांच्या डोक्यात नसते, मराठी शब्दात असते. आणि मराठीत पडलेली गाठ मराठीतूनच सुटते. ती कशी सोडवायची ते सविस्तर लिहितो.

आधी दुखणं हेच आहे का ते बघा

उच्चार सारखा आणि स्पेलिंग वेगळं, अशा शब्दांचा गोंधळ हे दुसरं दुखणं आहे. ते लिहून लिहून जातं, त्याबद्दल मी इथं बोलत नाही. इथली खूण अशी: प्रत्येक शब्दाचा अर्थ सुटा विचारला तर तुम्ही बरोबर सांगता. 'बाय' म्हणजे काय? पर्यंत. 'अंटिल' म्हणजे काय? पर्यंत. दोन्ही उत्तरं बरोबर, आणि नेमकं म्हणूनच वाक्यात कोणता शब्द घालायचा ते कळत नाही. तुमची शब्दांची वही उघडा. दोन इंग्रजी शब्दांसमोर एकच मराठी शब्द लिहिलेला जिथं जिथं सापडेल, तिथं पेन्सिलीनं खूण करा. चुका तिथूनच निघत आहेत.

आता असे दोन शब्द शेजारी लिहून शंभर वेळा घोकले तरी फरक पडत नाही, कारण शंभरही वेळा तुम्ही 'पर्यंत, पर्यंत' असंच घोकत असता. उलट दोन्ही शब्द एकमेकांना चिकटून बसतात आणि एक आठवला की दुसरा ओढून आणतात. मी सुरुवातीची काही वर्षं असंच शिकवलं. फळ्यावर दोन रकाने, डावीकडे एक शब्द, उजवीकडे दुसरा. मुलांना त्या दिवशी सगळं समजायचं आणि पंधरा दिवसांनी डावं-उजवं अदलाबदल झालेलं असायचं. आता मी एका दिवशी जोडीतला एकच शब्द घेतो. तो आठवडाभर वापरात मुरला की मग दुसरा.

'पर्यंत' फोडायचा कसा

सगळ्यात जास्त मार्क इथं जातात. "पाचपर्यंत ये" आणि "पाचपर्यंत थांब". मराठीत दोन्हीकडे 'पर्यंत' आहे आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही. पण या दोन वाक्यांत वेळ वेगळी वागते. पहिल्यात काम एकदाच व्हायचं आहे, साडेचारला झालं तरी चालतं, पाच ही शेवटची हद्द. दुसऱ्यात थांबणं पाच वाजेपर्यंत सलग चालू राहतं. इंग्रजी पहिल्याला 'बाय फाइव्ह' म्हणते आणि दुसऱ्याला 'अंटिल फाइव्ह' किंवा 'टिल फाइव्ह'.

यासाठी व्याख्या पाठ करू नका. 'पर्यंत' काढून त्या जागी 'च्या आत' बसवून बघा. "पाचच्या आत ये" हे सरळ बसतं, म्हणून 'बाय'. "पाचच्या आत थांब" हे कानाला लगेच खुपतं, म्हणून 'अंटिल'. "31 जुलैपर्यंत पीकविमा भरा": 31 जुलैच्या आत भरा, बसलं, 'बाय'. "दिवाळीपर्यंत कापूस घरातच ठेवला": दिवाळीच्या आत ठेवला? नाही, ठेवणं चालूच होतं, 'अंटिल'. "रात्री बारापर्यंत लाइट नव्हती": 'अंटिल'. ही चाचणी माझ्या मुलांना एकदा कळली की सहसा परत चुकत नाही, कारण तिला इंग्रजी लागतच नाही. कान आपलाच आहे.

नकार आला की मात्र जरा थांबा. "तो पाचपर्यंत आला नाही" असं आपण म्हणतो तेव्हा तो पुढंही आला की नाही, हे सांगितलेलं नसतं. इंग्रजीत 'ही डिड नॉट कम अंटिल फाइव्ह' म्हटलं तर ऐकणारा धरून चालतो की पाचला तो आला. पाच वाजले तरी पत्ता नव्हता, एवढंच सांगायचं असेल तर 'ही हॅड नॉट कम बाय फाइव्ह'. उताऱ्यावरच्या प्रश्नांत हा फरक मुद्दाम विचारतात.

आणि 'पर्यंत' जागेसाठी असेल तर दोन्ही शब्द सोडा. "ही बस औशापर्यंत जाते" इथं 'टिल औसा' आपल्या तोंडी पटकन येतं, पण 'ॲज फार ॲज औसा' किंवा 'अप टू औसा' हे बरोबर.

'पासून'चंही असंच आहे, फक्त सोपं. बायोडेटात 'सिन्स थ्री इयर्स' हमखास दिसतं. चाचणी 'झाली' या शब्दाची. "मला इथं तीन वर्षं झाली" असं म्हणता येतं, म्हणून 'फॉर थ्री इयर्स'. "मला इथं 2021 झालं" असं कुणी म्हणत नाही, म्हणून 'सिन्स 2021'. पोळ्यापासून पाऊस नाही, तर 'सिन्स पोळा'. तीन आठवडे झाले पाऊस नाही, तर 'फॉर थ्री वीक्स'.

जिथं मराठीत फरक आधीच आहे

काही जोड्यांत आपण उगाच घाबरतो. तिथं मराठी इंग्रजीइतकीच बारीक आहे, फक्त फरक शब्दात न ठेवता वाक्याच्या बांधणीत ठेवते. "मला मोर दिसला" आणि "मी मोराकडे बघितलं" यांतला फरक पाचवीतल्या मुलालाही न सांगता कळतो. 'मला' म्हटलं की गोष्ट आपणहून नजरेत आली. 'मी' म्हटलं की नजर आपण वळवली. पहिल्याला 'सी', दुसऱ्याला 'लुक ॲट'. आणि मोर नाचत होता अन् मी बघत बसलो, तर 'वॉच'. 'बघत बसणे' हा आपला शब्दप्रयोग 'वॉच'ला जितका नेमका बसतो तितकी कोणतीही व्याख्या बसत नाही. एखादी गोष्ट घडत असते आणि आपण तिच्यावर लक्ष ठेवून असतो. म्हणून क्रिकेटचा सामना 'वॉच', जोंधळ्यावर पाखरं बसू नयेत म्हणून मचाणावर बसलेला माणूस तोही 'वॉच'.

'हिअर' आणि 'लिसन'ला हीच किल्ली लागते. "मला ऐकू आलं" म्हणजे 'हिअर'. "मी ऐकत होतो" म्हणजे 'लिसन टू'. इथं एक खाचखळगा आहे: "मी ऐकलं, तुझं लग्न ठरलं" या वाक्यात 'मी' असूनही 'हिअर' येतं. अशा वेळी 'कानावर आलं' बसवून बघा. "माझ्या कानावर आलं, तुझं लग्न ठरलं" चालतं, म्हणून 'हिअर'. "मास्तर सांगत होते ते माझ्या कानावर आलं" म्हटलं तर अर्थच बदलतो. तिथं तुम्ही कान देऊन ऐकत होता, तिथं 'लिसन'.

एकदा एका मुलीनं विचारलं, "सर, मग 'डॉक्टरला दाखवलं' याचं काय?" प्रश्न फार चांगला होता. आपण डॉक्टरला दाखवतो, म्हणून मुलं 'आय शोड द डॉक्टर' लिहितात. इंग्रजी माणूस डॉक्टरला बघतो: 'आय सॉ अ डॉक्टर'. इथं किल्ली चालत नाही, वाक्यच उचलून लक्षात ठेवायचं.

'से' आणि 'टेल' यांना आपल्याकडे 'म्हणणे' आणि 'सांगणे' तयार आहेत. गडबड होते ती "तो मला म्हणाला" या बोलण्यामुळे. त्यावरून 'ही सेड मी' तयार होतं. 'टेल'च्या मागोमाग माणूस लागतो, 'ही टोल्ड मी'. 'से'च्या मागोमाग बोललेली गोष्ट येते, माणूस आणायचाच असेल तर मध्ये 'टू' घालावा लागतो.

यापुढची खूण मला स्वतःला फार आवडते. मराठीत क्रियापदाच्या मुळाला मागून 'व' जोडला की काम दुसऱ्याकडून किंवा दुसऱ्यावर होतं. शिकणे, शिकवणे. वाढणे, वाढवणे. उठणे, उठवणे. इंग्रजीत त्यासाठी वेगळे शब्द आहेत आणि तेच आपल्याला गोंधळात टाकतात. 'व' नसेल तर 'लर्न', 'व' असेल तर 'टीच'. सोयाबीनचा भाव वाढला, 'व' नाही, 'द प्राइस रोझ', म्हणजे 'राइझ'. सरकारनं हमीभाव वाढवला, 'व' आहे, 'द गव्हर्नमेंट रेझ्ड', म्हणजे 'रेझ'. सामना हरलो, 'लूझ'. त्यांनी आम्हाला हरवलं, 'बीट'. आणि त्यावरूनच 'इंडिया वन ऑस्ट्रेलिया' ही चूकही सुटते: सामना जिंकतात तेव्हा 'विन', समोरच्याला हरवतात तेव्हा 'बीट'. एकच सांभाळा. "माझी किल्ली हरवली" यातल्या 'व'ला ही खूण लावू नका. तिथं कुणी कुणाला हरवलेलं नाही, किल्ली गेली आहे, 'लॉस्ट'.

'बॉरो' आणि 'लेंड'बद्दल थोडक्यात. आपण एकाच 'उसनं'ला 'आणलं' आणि 'दिलं' लावतो. वस्तू किंवा पैसा तुमच्या हातात आला तर 'बॉरो' आणि पुढं 'फ्रॉम'. तुमच्या हातून गेला तर 'लेंड' आणि पुढं 'टू'. पीककर्जात शेतकरी 'बॉरो' करतो, बँक 'लेंड' करते. 'रिमेंबर' आणि 'रिमाइंड' तसेच: मला आठवलं, 'आय रिमेंबर्ड', त्यानं आठवण करून दिली, 'ही रिमाइंडेड मी'.

दुष्काळ

या शब्दापाशी मला जास्त वेळ थांबायचं आहे. तो आपल्या घरातला शब्द आहे, आणि इंग्रजीत नेताना चुकला तर मार्कांबरोबर आपला इतिहासही चुकीचा सांगितला जातो.

एका मुलानं निबंध लिहिला होता, 2016 च्या लातूरबद्दल. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. मुलाच्या घरी त्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघणं रोजचं होतं, त्यामुळे निबंध मनापासून उतरला होता. पण पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत 'फॅमिन' हा शब्द. शब्दकोशात 'दुष्काळ' बघितला, समोर जो शब्द दिसला तो घेतला.

आपला 'दुष्काळ' तीन वेगवेगळ्या गोष्टींवर एकच पांघरूण घालतो. पाऊस न पडणं किंवा फार कमी पडणं, ज्याला पुस्तकात अवर्षण म्हणतात, ते 'ड्राउट'. लागणारी वस्तू पुरेशी न मिळणं, म्हणजे टंचाई, ते 'स्कर्सिटी'. आणि मोठ्या प्रदेशात अन्नच न मिळाल्यानं माणसं उपाशी मरणं, ते 'फॅमिन'. लातूरला 2016 मध्ये 'ड्राउट' होता आणि त्यातून पाण्याची भयंकर 'स्कर्सिटी' झाली. दुकानात धान्य होतं, रेशन चालू होतं. 'फॅमिन' नव्हता.

1972 बघा. आमच्या घरी आजी नुसतं "बाहत्तर साल" म्हणायची, पुढचा शब्द उच्चारायची नाही. पाऊस गेला, विहिरी आटल्या, जनावरं विकावी किंवा सोडावी लागली. लाखो माणसं खडी फोडायला, रस्त्याच्या आणि तलावाच्या कामावर गेली. सुकडी खाऊन आणि मिलो ज्वारीच्या भाकरीवर दिवस काढले. हाल अपार झाले. पण त्या कामांमुळे हातात मजुरी पडली, आणि पूर्वीच्या दुष्काळांसारखी उपासमारीनं माणसं मोठ्या संख्येनं दगावली नाहीत. यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. म्हणून बाहत्तरचा दुष्काळ इंग्रजीत 'ड्राउट' लिहितात, आणि फार मोठा 'ड्राउट' असूनही 'फॅमिन' टळला याचं उदाहरण म्हणून अभ्यासक त्याकडे बघतात. याच्या उलट 1876 ते 1878 मध्ये दख्खनमध्ये पाऊसही गेला आणि भुकेनं लाखो माणसंही गेली, तो 'फॅमिन'. 1943 मध्ये बंगालमध्ये भुकेनं लाखो माणसं मेली, तोही 'फॅमिन', आणि तिथं मुख्य कारण पाऊस नव्हतं. युद्धाचा काळ होता, धान्याचे भाव गरिबाच्या हाताबाहेर गेले होते. म्हणजे 'ड्राउट' झाला की 'फॅमिन' होतोच असं नाही, आणि 'फॅमिन'ला 'ड्राउट' लागतोच असंही नाही. पहिला आभाळाकडे बघून ठरतो, दुसरा ताटाकडे बघून.

मग 'ओला दुष्काळ'? सोयाबीन काढणीला आलं आणि पावसानं शेतातच सडलं, हे आपण अलीकडे पुन्हा पुन्हा बघतो. त्याला मुलं 'वेट ड्राउट' लिहितात. मराठी शब्द फार अर्थपूर्ण आहे, कारण तो पावसाकडे न बघता शेतकऱ्याच्या घराकडे बघतो. पण 'ड्राउट' मध्येच कोरडेपणा आहे, त्यामुळे बाहेरच्या वाचकाला 'वेट ड्राउट' कळत नाही. तिथं सरळ लिहा: अतिवृष्टीनं पिकाचं नुकसान, 'क्रॉप लॉस ड्यू टू एक्सेसिव्ह रेन'.

पांघरूण घालणारे आणखी काही शब्द

'हवामान' हा असाच. आज लातूरला ढगाळ आहे, उद्या गारपीट होईल, हे 'वेदर'. आपला भाग पर्जन्यछायेत येतो, उन्हाळा कडक असतो, हे 'क्लायमेट'. 'आजचं' लावून वाक्य बसलं तर 'वेदर', 'आपल्याकडचं' लावून बसलं तर 'क्लायमेट'. 'क्लायमेट' ठरवताना साधारण 30 वर्षांची सरासरी धरतात, म्हणून एका पावसाळ्यावरून 'क्लायमेट' बदललं असं लिहू नये.

किल्लारीच्या भूकंपावर लिहिताना 'तीव्रता' दगा देते. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती विसर्जन करून माणसं नुकती झोपली होती. बातम्यांत आणि पुस्तकांत आपण वाचतो की तीव्रता 6 च्या वर होती. हा आकडा 'मॅग्निट्यूड'चा आहे. भूकंपातून किती शक्ती बाहेर पडली ते तो सांगतो, आणि एका भूकंपाला तो एकच असतो, तुम्ही किल्लारीत असा की हैदराबादेत. 'इन्टेन्सिटी' म्हणजे त्या त्या जागी हादरा किती बसला, काय पडलं, काय तडकलं. ती बारा पायऱ्यांच्या मापानं मोजतात आणि गावागणिक बदलते. किल्लारी, सास्तूरकडे दगडमातीची घरं भुईसपाट झाली, लातूर शहरात नुकसान त्या मानानं कमी, आणखी लांब नुसता हादरा जाणवला. हे सगळे 'इन्टेन्सिटी'चे फरक. वरातीत ढोल एकच वाजतो, पण मांडवात छाती थरथरते आणि वेशीबाहेर नुसता आवाज येतो, तसं. जिथं 'किती' हा एकच आकडा आहे तिथं पहिला शब्द, जिथं 'कुठं' विचारावं लागतं तिथं दुसरा.

'शोध' लावताना एकच प्रश्न विचारा: ती गोष्ट आधीपासून होती का? होती, फक्त आपल्याला माहीत नव्हती, तर 'डिस्कव्हर'. नव्हती, कुणीतरी नव्यानं घडवली, तर 'इन्व्हेंट'. 1819 मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली, ती 'डिस्कव्हरी'. तीसुद्धा बाहेरच्या जगासाठी, कारण डोंगराखालच्या माणसांना ती जागा ठाऊक होती. वेरूळला तर हा शब्दही लागत नाही, तिथं प्रवासी कायम येत-जात राहिले. आणि हरवलेल्या शेळीचा शोध घेणं म्हणजे 'सर्च' किंवा 'लुक फॉर'. शेळी सापडली की 'फाइंड'.

'सावली'त बसलात तर 'शेड', सावली पडली तर 'शॅडो'. लिंबाखालच्या गारव्याला आकार नसतो, भिंतीवर पडलेल्या तुमच्या आकृतीला असतो. 'धरणा'त मात्र आपण खरं तर पुढं आहोत. पैठणला भिंत आणि दरवाजे आहेत ते जायकवाडी धरण, 'डॅम'. मागं साठलेलं पाणी नाथसागर, 'रेझर्व्हॉयर'. आपण एकाच जागेला दोन नावं दिलेली आहेत. नाथसागर भरतो आणि जायकवाडीचे 27 दरवाजे उघडतात, हे डोळ्यासमोर ठेवलं की परीक्षेतल्या दोन पर्यायांत अडखळायला होत नाही.

'भाडं' मुलाखतीत चुकतं, कारण तिथं विचार करायला वेळ नसतो. एसटीचं भाडं 'फेअर', खोलीचं भाडं 'रेंट', ट्रकनं माल पाठवला त्याचं भाडं 'फ्रेट'. ट्रॅक्टर तासावर आणला तर 'हायर'. गावाकडून पुण्याला कामाला जाणं किंवा कारखान्यावर ऊसतोडीला जाणं हे स्थलांतर 'मायग्रेट'. देश सोडून गेलात तरच 'एमिग्रेट', दुसऱ्या देशात राहायला आलात तर 'इमिग्रेट'. बीड जिल्ह्यातून सांगली-कोल्हापूरला जाणाऱ्या टोळीला 'इमिग्रंट' लिहिलेलं मी अनेकदा कापलं आहे.

काढणे

एका जोडीनं भागत नाही असाही एक शब्द आहे. फोटो काढला, 'टेक'. चित्र काढलं, 'ड्रॉ'. बँकेतून पैसे काढले, 'विथड्रॉ'. चप्पल काढली, 'टेक ऑफ'. सोयाबीन काढलं, 'हार्वेस्ट'. कर्ज काढलं, परत 'टेक' किंवा 'बॉरो'. दूध काढलं, 'मिल्क'. तिकीट काढलं, 'बाय' आणि हा 'बाय' वरच्यापेक्षा वेगळा, विकत घेण्याचा. काटा काढला, 'रिमूव्ह'. आपल्या मुलांना 'काढणे' म्हणजे 'रिमूव्ह' एवढंच शिकवलेलं असतं, म्हणून 'प्लीज रिमूव्ह माय फोटो' असं वाक्य तयार होतं आणि समोरचा माणूस फोटो भिंतीवरून उतरवायला निघतो.

इथं अर्थ विचारू नका, सोबत विचारा. काय काढलं? त्या 'काय'बरोबर इंग्रजी शब्द एकत्र लिहा. वहीत 'विथड्रॉ: काढणे' असं न लिहिता 'विथड्रॉ मनी: पैसे काढणे' असं लिहा. 'लावणे', 'बसणे', 'मारणे' यांचंही असंच करा. प्रत्येकी एक अख्खं पान सोडा, कारण ते भरणार आहे.

जिथं किल्ली नाही

'मेक' आणि 'डू' दोन्ही आपल्याकडे 'करणे'. मी बरीच वर्षं यासाठी मराठीतली खूण शोधली. 'तयार होतं ते मेक, पार पडतं ते डू' असं सांगून बघितलं. चहा, भाकरी, खुर्ची इथं ते चालतं, पण 'मेक अ मिस्टेक' आणि 'डू अ फेव्हर'पाशी ते मोडतं. आता मी मुलांना स्पष्ट सांगतो की इथं नियम शोधण्यात वेळ घालवू नका. 'डू होमवर्क', 'डू बिझनेस', 'मेक अ डिसिजन', 'मेक अ प्रॉमिस', 'मेक मनी' अशा पंचवीस-तीस जोड्या अख्ख्या पाठ करा, रोज दोन. अशी ठिकाणं थोडी आहेत, आणि ती थोडी आहेत म्हणूनच तिथं पाठांतर परवडतं.

वही कशी ठेवायची, एवढं सांगतो. प्रत्येक शब्दाला एक वाक्य, ते वाक्य तुमच्या गावातलं हवं आणि खरं घडलेलं हवं. पुस्तकातलं 'जॉन' आणि 'मेरी'चं वाक्य आठवत नाही, आपल्या चुलत्यानं कुणाकडून किती पैसे उसने आणले ते कायम आठवतं. वाक्य लिहिलं की दुसऱ्या दिवशी इंग्रजी झाका, फक्त मराठी वाचा आणि चाचणी लावा: 'च्या आत', 'झाली', 'मला की मी', 'व आहे का', 'आधीपासून होतं का'. मग इंग्रजी उघडा. चुकलं तर शब्द खोडू नका, कोणती चाचणी चुकली ते शेजारी लिहा. महिनाभरात लक्षात येतं की आपण पन्नास शब्दांत चुकत नाही, दोन-तीन चाचण्यांतच चुकतो.

आता हे करून बघा. ग्रामसेवक दुपारी दोनपर्यंत कार्यालयात असतात. दाखला सोमवारपर्यंत मिळेल. चार दिवसांपासून नळाला पाणी नाही. रात्री मला कोल्हे ओरडताना ऐकू आले. बाजार समितीत तुरीचा भाव वाढला. वडिलांनी चुलत्याला बियाण्यासाठी पैसे उसने दिले.

उत्तरं याच क्रमानं: 'अंटिल', 'बाय', 'फॉर', 'हिअर', 'राइझ', 'लेंड'.